थडीवरची उघडी कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. पण माझ्यात हात घालून ज्वारी शोधू नका, हाताला दगड लागतील. गळ्यापर्यंत दगड भरलेत माझ्यात, आणि अर्धीअधिक मी गोदावरीच्या गाळात रुतून बसले आहे. वर दिसते ती माझी नुसती कड आणि थोडंसं पोट. मागं एकदा घनसावंगीच्या बाजाराहून परतणारा कुणी पाहुणा इथं पाणी प्यायला थांबला. मला बघून तो म्हणाला, "ह्या गावात लोक दगडं खातेत का काय?" हसू दे बापड्याला. त्याच्या गावाला नदी नसावी.

आमचं बोरटाकळी मात्र नदीच्या अगदी काठावर आहे. इथं काठाला थडी म्हणतात. थडी उंच आहे, काळ्या मातीची आहे, आणि वरून बघाल तर भक्कम वाटते. पण पावसाळ्यात नदी भरते, पश्चिमेचा वारा सुटतो आणि लाटा थडीच्या पायथ्याला धडका देत राहतात. खालची माती आधी जाते. वरची तशीच लोंबत राहते आणि मग कधीतरी, ऊन पडलेलं असताना, सगळं शांत झालेलं असताना, धप्पकन खाली येते. मी ते माझ्या डोळ्यांनी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मला त्या आवाजाची सवय व्हायला हवी होती. नाही झाली.

निजामाचं राज्य गेलं त्या साली, ज्वारी काढणीला यायच्या आधी, साळूबाईनं मला विणलं. साळूबाई म्हणजे थडीवरच्या शेवटच्या घरातली म्हातारी. ओढ्याकाठचे निरगुडीचे लवचिक फोक तिनं स्वतः तोडून आणले, सावलीत टाकले, रोज एक वाकवून बघायची. फार ओले विणले तर पुढं वीण ढिली पडते, फार वाळले तर कटकन मोडतात. मनासारखे झाले तेव्हा अंगणात पाय पसरून बसली, माझा तळ दोन्ही पायांनी दाबून धरला आणि फोकात फोक घालत गेली. तोंडानं बडबड चालूच. गावातल्या कुणाला शिव्या, कुणाला आशीर्वाद, आणि मधूनच मला, "नीट बस की गं, भवाने." माझं पहिलं नाव तेच.

विणून झाले तरी मी अजून पुरी झाले नव्हते. फोकांच्या मध्ये फटी असतात ना, त्यातून दाणे गळतात, किडे शिरतात. म्हणून कणगीला आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपतात. आमच्याकडे त्याचा रिवाजच आहे. कणगीचं अंग उघडं दिसू नये म्हणतात, आणि लिंपणाचा पहिला हात सवाशिणीचा लागतो. साळूबाईचा नवरा कधीच गेलेला, म्हणून तिनं नव्या सुनेला हाक मारली. ती झुंबरबाई. नुकतीच नांदायला आली होती, अंगावरची हळदसुद्धा पुरती उतरली नव्हती. तिनं शेणामातीत हात बुडवला आणि माझ्या पोटावर पुरा पंजा उमटवला. मग लाजून सासूकडं बघितलं. साळूबाई म्हणाली, "मोठा हात हाय गं तुहा. भरून ठेवशील घर."

तो पंजा वाळून तसाच राहिला होता. मला त्याचा फार अभिमान होता, लपवत नाही.

मग माझी भरभराटीची वर्षं आली. बद्रीनाथ, म्हणजे झुंबरबाईचा नवरा, नदीकाठच्या मळईत ज्वारी पिकवायचा. मळई म्हणजे पुरानं आणून टाकलेल्या गाळाची जमीन, बी टाकलं की तरारून येते. पोतं माझ्यात रितं करताना तो म्हणायचा, "घे, खा पोटभर." खाली माझ्या पोटाला एक भोक होतं, त्याला चिंधीचा बोळा. सकाळी झुंबरबाई बोळा काढायची, सूप धरायची आणि दाणे सळसळत उतरायचे. दाणे कितीही कमी झाले तरी तळाला मूठभर राहू द्यायचेच, कणगी कधी पार रिकामी करायची नाही, हाही रिवाजच. येणारी-जाणारी बाई मला बघून म्हणायची, "कणगी कशी भरल्या घरच्या गरतीवाणी दिसून राह्यली." मी आणखी ताठ व्हायचे.

पण नदी काही गप्प बसली नव्हती. दर पावसाळ्यात ती थडीचा एक घास घ्यायची. आधी झुंबरबाईचा मिरच्यांचा वाफा गेला. मग परसातलं लिंबाचं झाड अर्धं हवेत लोंबायला लागलं आणि पुढच्या श्रावणात मुळासकट गेलं. शेजारची घरं मोडून लोक वर गावठाणात जाऊन राहिले. बद्रीनाथ म्हणायचा, आपणही पुढच्या साली बघू. ते पुढचं साल त्याला मिळालं नाही. हिवतापानं तो आठ-पंधरा दिवसांतच गेला.

मित्रांनो, त्यानंतर माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मळई नदीनं निम्मी खाल्ली होती, उरलेल्यातलं पीक गाडग्यात मावेल इतकंच. माझं लिंपण तडकलं, त्याचे पापुद्रे पडायला लागले. दर वर्षी लिंपणाचा नवा हात द्यायचा असतो, पण पहिला हात देणार कोण? घरात दोघी, आणि दोघींचीही कपाळं पांढरी. झुंबरबाई एकदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात शेणाचं घमेलं होतं. साळूबाई दारातून म्हणाली, "नको बाई. उद्या काही झालं तर लोक तुह्याच हाताला बोल लावतील." झुंबरबाईनं ते घमेलं नेऊन चुलीजवळची जमीन सारवली. पुढं एका पावसात माझ्यावरचा तिचा पंजाही गळून पडला. त्या दिवशी मला वाटलं, आता मी नुसत्या काड्या. कोंबड्या माझ्यात अंडी घालायला लागल्या.

आता रामरावाबद्दल सांगते. हा झुंबरबाईचा चुलत दीर, वर गावठाणात त्याचं मोठं घर, खालच्या बाजूला त्याची मळई. माणूस मनानं वाईट नव्हता, पण बोलणं दगडासारखं. तो येऊन अंगणात उभा राहायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हे घर आता नदीचं झालं. सामान उचला आन चला. आमच्या मागच्या पडवीत जागा हाय. भाकरीला काही कमी पडायचं न्हाई."

झुंबरबाई पदर नीट करायची आणि हळू आवाजात म्हणायची, "बघते भावजी."

तो गेला की साळूबाईला म्हणायची, "आत्याबाई, भाकरीला कमी पडायचं न्हाई, पर ती भाकर मागून खावी लागंल. आज हिथं चूल कधी पेटवायची ते माझ्या हातात हाय."

बस, एवढंच होतं तिचं. दोन खणाचं घर, एक चूल आणि आपला उंबरा. तो गेला की जन्मभर जावेच्या पडवीत दळण-कांडण. मला ती भीती तिच्या पायांत दिसायची. रोज उठून ती थडीच्या कडेपर्यंत चालत जायची आणि कड काल होती तिथंच आहे का ते बघून यायची.

मग एका पुरानंतर एक अजब गोष्ट घडली. कोंबड्या झाकायचं आमचं डालगं अंगणाच्या कोपऱ्यात असायचं, त्यातून कोंबड्या बाहेर पडू नयेत म्हणून वर एक धोंडा ठेवलेला. पाणी चढलं तेव्हा कोंबड्या आधीच घरात घेतल्या होत्या, पण डालगं धोंड्यासकट खाली घसरलं आणि थडीच्या पायथ्याला उताणं अडकलं. धोंडा गडगडत त्याच्या आत पडलेला. पाणी उतरल्यावर झुंबरबाई ते आणायला खाली उतरली आणि तिथंच बसून राहिली. आजूबाजूची सगळी थडी कापून गेली होती. डालग्याच्या मागं मात्र माती होती तशीच होती, उलट तिच्यावर हातभर नवा गाळ बसला होता, लोण्यासारखा.

ती वर आली ती धापा टाकतच. "आत्याबाई, मोठं डालगं विणाल का? कणगीएवढं?"

"कशाला?"

"दगडं भरायला."

साळूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. कणगीत दगड भरायचे म्हणजे काय? धान्याच्या जागी धोंडे? हे अभद्र तिच्यानं ऐकवेना. दोन दिवस ती सुनेशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी काठी टेकत टेकत स्वतः खाली उतरली, डालग्यामागचा गाळ चिमटीत घेऊन बोटांनी चोळला, आणि परत येताना निरगुडीचे फोक तोडूनच आली. 

ही गोष्ट रामरावाच्या कानावर गेली. तो हसायलाच आला होता, पण डालगं बघून त्याचं हसू मावळलं. त्याचीही मळई नदी खात होतीच की. चावडीवर बसून तो म्हणाला, "सरकारात अर्ज देऊन देऊन दगडाची भिंत काही बांधून झाली न्हाई. हे तर आपल्या हातचं हाय. करून बघायला काय जातं?" आणि मग काय विचारता, सगळा गाव कामाला लागला. गाड्या ओढ्याकडं फोक आणायला गेल्या. साळूबाई मधोमध बसली आणि बायकांना तळ कसा धरायचा ते शिव्या देऊन देऊन शिकवू लागली. पुरुषांनी नदीच्या कोरड्या पात्रातून दगड उचलले. वैशाखाच्या उन्हात थडीच्या पायथ्याशी कणग्यांची रांग उभी राहायला लागली. रामरावाच्या मळईपासून ती सुरू झाली आणि झुंबरबाईच्या घराखाली येऊन संपणार होती.

पण शेवटी फोक कमी पडले. ओढा पार बोडका झाला. झुंबरबाईच्या घराखालची जागा तेवढी उघडी राहिली.

तेव्हा ती माझ्याकडे आली. मी कोपऱ्यात पडले होते, माझ्यात कोंबडीची पिसं. तिनं मला झटकलं, फिरवून फिरवून बघितलं, मोडलेल्या जागी उरलेसुरले चार फोक घातले. माझ्या तळाशी तिनं ज्वारीची एक मूठ टाकली, कारण रिकामी कणगी उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. मग मला डोक्यावर घेऊन ती थडी उतरली आणि रांगेच्या टोकाला मला उभं केलं. त्या मुठीवर तिनं पहिला दगड ठेवला. मला कसंतरीच झालं, मित्रांनो. जन्मभर दाणे सांभाळले आणि आता हे. पण तिच्या घराखाली दुसरं कोण उभं राहणार होतं?

सगळ्या कणग्या भरून झाल्या. पुरुष घाम पुसत घरी गेले. मग आल्या बायका, रामरावाची बायको उषाबाई सगळ्यांच्या पुढं. उषाबाई गावातली मानाची सवाशीण, कुठल्याही शुभकार्यात पहिली हाक तिलाच. तिनं रांगेवरून नजर फिरवली आणि हनुवटीला बोट लावलं.

"अगं बाई, ह्या तर समद्या उघड्याच हायेत. कणगी अशी नागडी ठेवत्यात का कुठं? नदीमायच्या समोर?"

कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. कणगी म्हटली की लिंपण आलंच. एका पिढीनं नाही, सगळ्या पिढ्यांनी तेच केलेलं. त्यांनी गढीची पांढरी माती आणली. आमच्याकडे घरांच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छपरावर, जी घालतात आणि जिच्यातून पावसाचा थेंब खाली येत नाही, तीच. त्यात शेण आणि गव्हाचा भुसा कालवला आणि एकेक कणगी अशी गुळगुळीत लिंपली की बघत राहावं. प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. मुलांना गूळ वाटला. मोठा सण झाला तो.

झुंबरबाई डोक्यावरून पदर घेऊन लांब उभी होती. कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं, "आन ही?"

उषाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग झुंबरबाईकडं बघितलं. "ती जुनी हाय. राहू द्या."

बायका हसत-बोलत वर गेल्या. मी एकटी उघडी. माझ्या फटींतून दगड दिसत होते. झुंबरबाई माझ्याजवळ आली, उषाबाईचं उरलेलं लिंपण घमेल्यात होतं, त्यात तिनं हात बुडवला आणि तसाच थांबवला. मला वाटलं, लाव गं बाई, कुणी बघत नाही. पण तिनं हात नदीत धुऊन टाकला. "तुला काही झालं तर माझ्यामुळं नगं," असं म्हणाली आणि गेली. मला तेव्हा फार राग आला. तिचा नाही, त्या सगळ्या गुळगुळीत कणग्यांचा.

भादव्यात पूर आला. सकाळी उजाडलं तेव्हाच नदीचा रंग बदललेला होता. दुपारपर्यंत पाणी आमच्या कमरेला आलं आणि वारा सुटला. मग लाटा यायला लागल्या, तपकिरी, फांद्या आणि गवत घेऊन. लिंपलेल्या कणग्या भिंतीसारख्या उभ्या होत्या. थडीवरून लोक बघत होते, कुणी म्हणालं, "बघा, कशा टिकून राह्यल्या." पाण्याला त्यांच्यातून जायला वाट नव्हती. ते आदळायचं, मागं सरायचं, पुन्हा आदळायचं, आणि दर वेळी त्यांच्या पायाखालची वाळू थोडी थोडी ओढून न्यायचं. रामरावाच्या मळईकडची पहिली कणगी अलगद वाकली. मग तिच्या शेजारची. एकीनं दुसरीला ढकलावं तशा त्या पाण्यात गेल्या, दगडांसकट, हळद-कुंकवासकट.

माझ्यावरही तीच लाट आली. मी डोळे मिटले म्हणा. पाणी माझ्या फटींतून आत घुसलं, दगडांना वळसे घालत फिरलं, आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं तेव्हा त्याचा जोर गेलेला होता. दर लाटेनं माझ्या पोटात आणि पाठीमागं गाळ सोडला. मी थरथरत होते, माझे दोन फोक मोडले, पण मी पडले नाही. का पडले नाही ते मला तेव्हा कळत नव्हतं, खरंच सांगते.

वर झुंबरबाईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. रामराव पळत आला, साळूबाईला त्यानं खांद्यावर घेतलं, ती त्याच्या पाठीत बुक्क्या मारत होती. "वहिनी, जल्दी करा, घर चाललं." झुंबरबाई उंबऱ्यातून हलेना. चुलीतले निखारे तिनं गाडग्यात घेतले, तेव्हा कुठं निघाली. जाताना घराशेजारच्या गोठ्याची भिंत कोसळल्याचा आवाज तिनं ऐकला, आणि तिला वाटलं घरच गेलं. मागं वळून बघायचंही धाडस तिला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. गाव थडीवर जमला. रामरावाची सगळी मळई गेलेली. कणग्यांच्या जागी नुसते खड्डे. आणि झुंबरबाईचं घर उभं होतं, गोठा सोडून सगळं. त्याच्या खाली एकटी मी.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल लोकांनी माझं कौतुक केलं असेल. गर्दीतून एक आवाज आला, "उघडी कणगी रांगेत ठेवली. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं भरलेली. मंग माय कोपणार न्हाई तर काय?" दुसऱ्यांनी मान हलवली. आपलं घर तेवढं राखलं आणि गावाचं बुडवलं, असंही कुणी बोललं. उषाबाईनं नजर खाली घातली, आणि झुंबरबाईला तेच जास्त लागलं. ती निखाऱ्यांचं गाडगं हातात घेऊन उभी होती. ज्या हाताला बोल लागू नये म्हणून तिनं मला लिंपणाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं, त्याच हाताला बोल लागला. माझ्या पोटात दगड होते म्हणून, नाहीतर मी फुटले असते.

रामराव खाली उतरला. त्याच्याइतकं नुकसान कुणाचंच झालं नव्हतं, म्हणून सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तो माझ्याजवळ चिखलात गुडघे टेकून बसला. मला लाथ घालतो की काय असं वाटलं. त्यानं माझ्या एका फटीत बोटं घातली, आतून मऊ गाळ काढला आणि तळहातावर बघत बसला. मग शेजारी, जिथं लिंपलेली कणगी होती, त्या खड्ड्यात हात घातला. तिथं नुसती खडी. परत माझ्या फटीत.

"वहिनी," त्यानं वर बघून हाक मारली, "त्या डालग्याला लिंपण होतं का?"

"डालग्याला कोण लिंपतंय भावजी? कोंबड्या घुसमटून मरतील."

रामरावानं हातातला गाळ पुन्हा बघितला. साळूबाईला मात्र कळायला वेळ लागला नाही. ती वरून म्हणाली, "आपणच कोंडलं रे पाण्याला. हिच्यातून त्याला जाता आलं, म्हणून ही राह्यली. म्या एवढ्या कणग्या विणल्या आन मलाच उमगलं न्हाई." 

मग रामराव गावाकडं तोंड करून म्हणाला, "बोल लावायचा तर लिंपणाला लावा. ते आपण समद्यांनी केलं. गूळ बी माझ्याच घरचा वाटला."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा रांग बसवायची ठरली. ह्या वेळी लिंपायचं नाही. मध्ये मध्ये निरगुडीच्या ओल्या काठ्या ठोकायच्या म्हणजे त्यांना मुळं फुटतील. सगळं तयार झालं आणि पहिला दगड टाकायची वेळ आली. सवयीनं सगळे उषाबाईकडं बघायला लागले. उषाबाईनं दगड उचलला, रांगेच्या टोकापर्यंत चालत आली आणि झुंबरबाईसमोर धरला.

"अक्का, तुम्ही टाका."

"मी कशी गं? तू हायेस की."

"मागच्या बारीला पहिला हात माझाच लागला. काय झालं ते बघितलं न्हाई का?" उषाबाईनं दगड तसाच पुढं धरला होता. "त्या दिवशी राहू द्या म्हणले मी. तुमच्या कणगीला लिंपायला हात उचलला न्हाई, मनात काय होतं ते तुम्हाला बी ठाऊक हाय. माझ्या त्या वंगाळपणानं तुमचं घर राह्यलं, अक्का. मला त्याचं चांगलं बी वाटंना आन वाईट बी."

झुंबरबाईनं दगड घेतला. लगेच टाकला नाही. आधी ज्वारीची एक मूठ मागून घेतली, ती तळाला सोडली आणि मग त्यावर दगड ठेवला. मग बाकीच्या बायकांनी आपापले दगड उचलले. माझ्या तळाशी होती ती मूठ उगवली का, असं पोरं मला नेहमी विचारतात. नाही उगवली. पाण्यात कुजली बिचारी. पण शेजारच्या निरगुडीला मुळं फुटली आणि ती माझ्या विणीतून आरपार गेली आहेत. आता माझ्यात माझे फोक किती आणि तिची मुळं किती, मलाही सांगता यायचं नाही.

ही गोष्ट जुनी झाली. साळूबाई गेली. महाराष्ट्र राज्य झालं, त्यालाही आता कितीतरी वर्षं लोटली. रामरावाच्या मळईवर गाळ बसून ती पुन्हा थोडी भरून आली आहे. झुंबरबाईच्या घरातून सकाळी धूर निघतो, थडीची कड तिच्या परसात आहे तिथंच आहे. आणि मी मोठी झाले. गाव मला मानतो. तिथंच माझं दुखणं सुरू झालं.

सणावाराला बायका येतात आणि प्रेमानं माझ्या अंगाला शेंदूर लावतात. एक बोट एकीचं, एक बोट दुसरीचं. कुणी नवस फेडायला येतं आणि शेणाचा गोळा चिकटवतं. लहान लेकरं खेळता खेळता फटींत चिखल भरतात. कुणाच्याच मनात वाईट नाही. पण एकेक फट बुजत चालली आहे, आणि नुसती माझी नाही, सगळ्या रांगेची. चावडीवर तर असंही ठरून राहिलं आहे की येत्या दसऱ्याला माझ्याभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा.

इतकी वर्षं झुंबरबाई रोज सकाळी दाभण घेऊन यायची. पोती शिवायची ती जाड सुई. माझ्यासमोर बसायची, बुजलेली एकेक फट उकरायची, मोडलेल्या फोकाच्या जागी नवा घालायची. लोक म्हणायचे, म्हातारीला छंद लागला. पण ह्या आठवड्यात ती आली नाही. गुडघे धरलेत, अंगात ताप आहे. आणि आभाळ भरून यायला लागलं आहे.

काल सकाळी उषाबाई आली. हातात ताट, ताटात हळद, कुंकू, आणि शेणामातीचा वाडगा. माझा जीव गोळा झाला. तिनं ताट खाली ठेवलं, वाडग्यात हात बुडवणार तोच वरून, झुंबरबाईच्या घरातून, बारीक हाक आली.

"उषा, दाराशी दाभण ठेवलंय बघ."

उषाबाई तशीच थांबली. माझ्याकडं बघितलं, अगदी तसंच जसं त्या वैशाखात बघितलं होतं. मग ती उठली, वर गेली आणि दाभण घेऊन आली. तिलाही आता नीट दिसत नाही. हातानं चाचपत चाचपत तिनं माझ्यावरचा शेंदूर खरवडला. त्यात तिनं स्वतः लावलेलाही असणार. दुपार झाली तेव्हा माझ्या पाठीतून वारा पुन्हा आरपार गेला. शेणाचा वाडगा तिनं जाताना थडीवरच्या निरगुडीच्या मुळांशी ओतून टाकला.

पण मित्रांनो, रांग लांब आहे आणि उषाबाईचे हात म्हातारे आहेत. म्हणून तुम्हाला बोलावते आहे. कधी ह्या थडीवर आलात तर माझ्यासाठी कुंकू आणू नका, नारळ आणू नका. मोठ्यांना सांगा, तो ओटा तेवढा बांधू नका. येताना हातात एक काडी घेऊन या. माझ्याजवळ बसा, बुजलेली फट दिसली की उकरा, आणि मग शेजारणीकडं जा. नदी पुन्हा येणार आहे. ती येईल तेव्हा झुंबरबाईची चूल पेटलेली असावी आणि माझं अंग उघडं असावं, एवढंच मागते.